उशाशी बसणाऱ्यांचा मुशाहिरा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय नावाच्या तिसऱ्या अधिकरणात दास आणि कर्मकर यांच्या व्यवहारांचा ऊहापोह करताना ग्रंथकाराने, वेतन आगाऊ ठरलेले नसल्यास राबणाऱ्याला काय द्यावे, या नित्याच्या तंट्यावर प्रथम एक सरळ हिशेबी तोड सांगितली आहे : नांगर धरणाऱ्याला पिकाचा, गुरे राखणाऱ्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या माणसाला मालाचा दहावा हिस्सा. परंतु कारागीर, नट, वैद्य, परिचारक अशा, देणाऱ्यावर आशा ठेवून काम करणाऱ्या वर्गाकडे वळताच त्याला ही तोड सोडून द्यावी लागली. कारण ज्याचा दशांश मोजून बाजूला काढता येईल असे काहीच या मंडळींच्या हातून निपजत नाही. रोग्याच्या उशाशी बसून रात्र काढणाऱ्याने सकाळी कोणत्या राशीतून आपला वाटा उचलावा? म्हणून कौटिल्याने या वर्गासाठी दोन निराळी प्रमाणे घालून दिली : तशाच प्रकारचे काम करणाऱ्या दुसऱ्या माणसाचा जो शिरस्ता असेल तो, किंवा त्या कामातील जाणकार जे ठरवून देतील ते. वेतन बुडवणाऱ्याला त्या वेतनाच्या दहाव्या भागाचा किंवा सहा पणांचा दंडही त्याने सांगून ठेवला.

याच प्रकरणात एक विलक्षण नियम येतो. नदीच्या ओढीत, आगीत, चोरांच्या किंवा श्वापदांच्या तावडीत सापडलेला माणूस, आपले सर्वस्व, बायकामुले, इतकेच काय पण स्वतःचा देहही देऊ करून, सोडवणाऱ्याला हाक मारतो. अशा माणसाने संकटातून पार पडल्यावर द्यावयाचे ते जाणकारांनी सांगितलेले वेतन, आणि आर्तावस्थेत कबूल केलेल्या सर्वच देण्यांना हाच न्याय लागू समजावा, असे कौटिल्य म्हणतो. मरणासन्न माणसाच्या शुश्रूषेसाठी परका माणूस घरी ठेवला जातो तेव्हा जो करार होतो, त्याचे मर्म याहून नेमके सांगितलेले मला अन्यत्र आढळलेले नाही. घरच्यांना हे काम तीन दिवस चालणार की तीन महिने, हे ठाऊक नसते. पूर्वी असा प्रसंग आलेला नसल्याने दराची रुजवात घालायला दुसरा दाखला हाताशी नसतो. आणि ज्याच्यासाठी घासाघीस करावयाची तो शेजारच्या खोलीत कण्हत पडलेला असल्याने घासाघिशीची लाजही वाटते. कौटिल्याने पाहिली ती ही एक बाजू. दुसरी बाजू त्याने सोडून दिली, ती अशी की, सोडवायला येणारा माणूसही बहुधा तितकाच आर्त असतो : मागच्या आठवड्यात त्याचा आधीचा रोगी गेलेला असतो, आणि त्या रोग्याबरोबर त्याच्या चुलीचा आधारही गेलेला असतो. दोन्ही पक्ष असे अगतिक असले म्हणजे दर ठरवण्याचे काम आपोआप तिसऱ्याकडे जाते. या व्यवसायाच्या मेहनतान्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्या तिसऱ्या आसनावर वेळोवेळी कोण बसले याचा इतिहास होय, आणि तेथे जाणकार फार क्वचित बसले, असे मला दिसते.

आपल्याकडे हा प्रश्न दीर्घकाळ उपस्थितच झाला नाही. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी; परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि ज्याची सेवा करावयाची त्याच्याविषयी अनुराग असे चार गुण असावेत असेही सांगितले. अनुराग हा एकदा पात्रतेचा भाग ठरला म्हणजे दर सांगणारा माणूस तेवढ्याने अपात्र ठरण्याचा धोका उत्पन्न होतो, आणि तो धोका या व्यवसायाने पुढे सर्वकाळ सोसला आहे. गावगाड्यात रोग्याची उस्तवार घरातल्या सुनेकडे, मुलीकडे, किंवा अन्नवस्त्रावर राहिलेल्या एखाद्या विधवा आत्येकडे असे. तिच्या रात्री कोणत्याही कागदात चढल्या नाहीत. गंमत अशी (गंमत म्हणणे जिवावर येते, तरी म्हणतो), की श्वास थांबला त्या क्षणापासूनची सर्व कामे मात्र व्यवस्थित लावून दिलेली होती. परगावच्या आप्तांना मृत्यूची वर्दी पोचवणे आणि सरणाला लाकडे नेणे ही महाराची कामे, क्षौर न्हाव्याचे, उत्तरक्रियेची दक्षिणा किरवंताची. बलुत्याच्या धान्यात, हक्कात आणि दानात त्यांचे माप ठरलेले. ते माप न्याय्य होते असे कोणी म्हणणार नाही. महाराच्या वाट्याला तर हक्कापेक्षा वेठ आणि विटाळच अधिक आला. तरी त्या कामांना गावाने काम म्हणून ओळखले होते. अखेरच्या श्वासाच्या अलीकडील कामाला तेवढीही ओळख मिळाली नव्हती.

उघड्या बाजारात हा धंदा इंग्लंडात आधी आला. तेथील पॅरिशच्या जुन्या हिशेबांत एखाद्या गरीब म्हातारीला आजाऱ्याजवळ रात्री बसण्याबद्दल आणि मागाहून प्रेत आवरण्याबद्दल दिलेले काही पेन्स, आणि त्याच्या जोडीला बिअरचा खर्च, असे आकडे आढळतात. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानंतर वर्कहाउसमध्ये हेच काम तेथल्याच दरिद्री स्त्रियांकडून, पगाराशिवाय, जादा चहा किंवा दारूच्या आमिषावर करून घेण्याचा प्रघात पडला. तो सरकारी हुकुमाने बंद होण्यास १८९७ साल उजाडावे लागले. वर्कहाउसच्या बाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर काम धरणारी जी बाई होती तिचे चित्र डिकन्सने 'मार्टिन चझलविट' या १८४३-४४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत काढले. मिसेस गॅम्पची जुनाट छत्री आणि तिचा दारूचा वास यांवर इंग्रज वाचक इतका हसला, की पुढे नर्सिंगची सुधारणा करू निघालेल्या पिढीला, आम्हाला काय मोडून काढावयाचे आहे हे सांगण्यासाठी तिचे नाव घेतले तरी पुरत असे. मला मात्र त्या हास्यापेक्षा तिचे दरपत्रक अधिक विचारार्ह वाटते. कष्टकऱ्यांच्या घरी दिवसाला अठरा पेन्स. सभ्य गृहस्थांच्या घरी साडेतीन शिलिंग, म्हणजे दुपटीहून अधिक. आणि रात्रीचे जागरण सर्वत्र वेगळ्या आकाराचे. ऐपतीप्रमाणे दोन दर, दिवस हे एकक, आणि रात्र ही स्वतंत्र बाब, ही तिन्ही तत्त्वे या अशिक्षित बाईने कोणत्याही समितीच्या साहाय्यावाचून ठरवली होती. ती प्यायची, रोग्याची उशी काढून घ्यायची, आणि आपली शिफारस करण्यासाठी तिने मिसेस हॅरिस नावाची एक मैत्रीण कल्पून ठेवली होती, हे सर्व खरे. परंतु ती काल्पनिक मैत्रीण म्हणजे तरी काय, दराला साक्ष देणारा तो तिसरा माणूस जगात न सापडल्याने घरीच निर्माण करून घेतलेला!

सुधारणा आली ती एका खऱ्या मृत्युशय्येपासून. लिव्हरपूलचा धनाढ्य व्यापारी विल्यम रॅथबोन याची पत्नी १८५९ मध्ये वारली. तिच्या अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाची पगारी नर्स घरी होती. पैसा असूनही आपल्या घरात इतके क्लेश झाले, मग ज्यांना अशी बाई ठेवता येत नाही त्यांचे काय होत असेल, या विचाराने रॅथबोनने त्याच बाईला तीन महिन्यांच्या वेतनावर शहरातील गरिबांच्या घरी शुश्रूषेसाठी नेमले. महिनाभरातच ती परत आली आणि तेथील दैन्य आपल्याच्याने पाहवत नाही, मला मोकळे करा, असे म्हणाली. रॅथबोनने तिची समजूत घालून मुदत पुरी करून घेतली, आणि मुदतीच्या शेवटी तिनेच हे काम पुढे चालवू द्या अशी इच्छा दर्शवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलमध्ये नर्सिंगची शाळा निघाली, शहराचे विभाग पाडून प्रत्येकात एक नर्स नेमली गेली, आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात स्त्रियांनी जमवलेल्या निधीपैकी सत्तर हजार पौंडांतून या कामासाठी एक देशव्यापी संस्था उभी राहिली. यात गरीब रोग्याचा निःसंशय लाभ झाला. नर्सच्या बाजूने पाहिले तर मात्र, तिला गणवेश, प्रतिष्ठा आणि ठरावीक दरमहा मिळाला, आणि आपला दर आपण सांगण्याचा, गॅम्पबाईपाशी असलेला अधिकार गेला. तिसऱ्या आसनावर आता परोपकारी सद्गृहस्थांची आणि सरदार-स्त्रियांची समिती बसली होती.

श्रीमंतांच्या घरी जाणाऱ्या नर्सेसची कथा याहून बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालये आणि नर्सिंगच्या खासगी संस्था आपल्या पगारी नर्सेस घरोघर पाठवीत, घराकडून आठवड्याची भरघोस फी घेत, आणि नर्सला तिचा ठरलेला वार्षिक पगार तेवढा देत; मधला फरक संस्थेच्या तिजोरीत पडे. लंडनमधील एक बडे रुग्णालय तर अर्धवट शिकलेल्या उमेदवार मुलींनाही असे बाहेर पाठवते, अशी तक्रार १८९० च्या सुमारास लॉर्ड्स सभेच्या चौकशी-समितीपुढे झाली. या दस्तुरीला कंटाळून १८९१ मध्ये लंडनच्या काही नर्सेसनी सहकारी पद्धतीची संस्था काढली : काम मिळवून देण्याचा खर्च भागेल इतकी अल्प टक्केवारी संस्थेची, बाकी सारी फी नर्सची. त्या काळी शिकलेल्या खासगी नर्सची नेहमीची फी आठवड्याला दोन गिनी असे. दोन गिनी म्हणजे बेचाळीस शिलिंग, म्हणजे पाचशे चार पेन्स. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. नर्स त्या घरातच राही, रोग्याच्या खोलीतच तिचा पलंग टाकलेला असे, आणि हाक केव्हाही येई; तेव्हा सगळे तास धरून भागाकार केला तर ताशी बरोबर तीन पेन्स येतात. गॅम्पबाईचे अठरा पेन्स बारा तासांवर वाटले तर ताशी दीड पेनी, आणि रात्र निराळी. अर्धशतकाची सुधारणा, शाळा, प्रशस्तिपत्रे आणि निवड या सर्वांचे फळ दुप्पट दिसते खरे. पण गॅम्पबाईने वेगळी मोजलेली रात्र सुशिक्षित नर्सच्या दोन गिनींत बिनबोभाट विरघळून गेली होती. माझ्या मते या व्यवसायाने त्या शतकात केलेली ही सर्वांत महाग तडजोड होय.

मरणोन्मुखांसाठी स्वतंत्र गृहे याच काळात निघाली. डब्लिनमधील १८७९ चे आणि लंडनच्या हॅकनी भागातील १९०५ चे ही दोन्ही कॅथलिक भगिनींनी चालवलेली. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या स्त्रियांच्या श्रमाला किंमत नव्हती, म्हणून त्या घरांचा खर्च कमी दिसे, आणि मरणाऱ्याजवळ बसणे हे स्वस्त काम आहे अशी लोकांची कायमची समजूत झाली. १९६७ मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, वेदनाशमनाचे शास्त्र सिद्ध केले आणि पगारी, शिक्षित सेवकवर्ग नेमला. तेव्हाही ही समजूत पुरती पुसली गेली नाही.

पुढचा तंटा न्यायालयांत गेला, आणि तो मुख्यतः रात्रीचाच होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये एका कारखान्याच्या आगविझव्यांच्या दाव्यात, आग लागलीच तर हजर असावे म्हणून रात्रभर कारखान्यात थांबून पत्त्यांवर वेळ काढणाऱ्या माणसांचे ते थांबणे हेही काम होय, असा निवाडा दिला होता. या न्यायाने पाहता मरणासन्न वृद्धेच्या पलंगाशी बसलेल्या बाईचे बसणे हे काम ठरण्यास कोणतीच अडचण नव्हती. परंतु तेथील किमान वेतनाच्या १९३८ च्या कायद्याने घरकामगारांना मुळातच वगळले होते, आणि १९७४ च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतानाच, वृद्ध आणि आजारी यांना सोबत करणाऱ्या बायांना पुन्हा दारातच थांबवले. न्यूयॉर्क राज्यातील एव्हलिन कोक ही घरोघर शुश्रूषा करणारी बाई या अपवादाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली; २००७ मध्ये न्यायालयाने एकमताने तिच्याविरुद्ध निकाल दिला, २००९ मध्ये ती वारली, आणि मध्यस्थ संस्थांच्या नोकरीतील अशा स्त्रियांना किमान वेतन व जादा कामाचा मोबदला देणारा नियम २०१३ मध्ये निघून २०१५ मध्ये अमलात आला. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत, अपंग माणसांच्या घरी झोपण्याची मुभा असलेल्या पण हाक आल्यास उठण्यास बांधलेल्या एका सेविकेला नऊ तासांच्या रात्रीचे २९ पौंड ५ पेन्स मिळत. या झोपेच्या पाळीत प्रत्यक्ष उठावे लागले तेवढाच वेळ किमान वेतनास पात्र, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ठरवले. कायद्याच्या शब्दांशी हा निकाल सुसंगत असेलही. परंतु अशा झोपेत एक कान जागा ठेवावा लागतो, हे जिने तान्ह्या मुलाशेजारी रात्र काढली आहे तिला वकिलाने समजावून सांगावे लागत नाही.

भारतात मरणोन्मुखांसाठीचे पहिले आधुनिक गृह मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये 'शांती अवेदना' या नावाने उघडले, आणि तेथे रोग्याकडून पैसे घेतले जात नाहीत. केरळात १९९३ नंतर कालिकतच्या डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी ही चळवळ घरोघर नेली. दोन्ही उदाहरणे गौरवास्पद आहेत. पण मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरात, मुलगा परदेशी आणि सून कचेरीत असता, कर्करोगाने खंगलेल्या सासऱ्याजवळ जी बसते ती बहुधा ब्यूरोने पाठवलेली 'मावशी' असते. बारा तासांची ड्यूटी आणि चोवीस तासांची ड्यूटी असे तिचे दोन दर. चोवीस तासांचा दर बारा तासांच्या दुप्पट नसतो, हे या धंद्यातील प्रत्येकीला ठाऊक आहे, आणि त्याचे कारण विचारले की उत्तर ठरलेले : रात्री पेशंट झोपतो, तीही झोपते. घरमालक ब्यूरोला देतो त्यातून ब्यूरोची दस्तुरी वजा जाऊन तिला मिळते. ब्यूरोने ओळखपत्र पाहिलेले असते, बदली माणूस देण्याची हमी घेतलेली असते, तेव्हा त्याला काहीच देऊ नये असे नाही. १८९१ च्या त्या लंडनच्या नर्सेसनीही संस्थेचा खर्च मान्य केलाच होता. परंतु पेशवाईत पुण्याच्या बाजारातील निरखावर कोतवालाची निदान देखरेख तरी असे. येथे दस्तुरी किती असावी यावर कोणाची नजर नाही.

१९४८ मध्ये भारत सरकारने नेमलेल्या वाजवी वेतन समितीने किमान, वाजवी आणि निर्वाहयोग्य अशा वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि वाजवी वेतनाची वरची मर्यादा उद्योगाच्या देण्याच्या ऐपतीवर ठेवली. घर हा उद्योग नव्हे. त्याला नफा नसतो, आणि औषधांच्या प्रत्येक बिलागणिक त्याची ऐपत ओसरत असते. त्यामुळे समितीची ती वरची मर्यादा येथे लावता येत नाही, आणि खालची मर्यादा मात्र निश्चित लावता येते : रुग्णालयांतील नोकरी महाराष्ट्रात किमान वेतनाच्या कक्षेत आलेली असल्याने, तेथल्या सेविकेला आठ तासांचे जे मिळावयास हवे ते घरातील आठ तासांचे मिळावे, ही कौटिल्याच्या पहिल्या प्रमाणाचीच आजची आवृत्ती होईल. दुसऱ्या प्रमाणाचाही दाखला आपल्यापाशी आहे. गोदीत आणि घाऊक बाजारात आज या पेढीचे तर उद्या त्या पेढीचे ओझे वाहणाऱ्या हमालांना कायमचा धनी नव्हता आणि टोळीच्या मुकादमाची मर्जी हाच दर होता. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या झगड्यानंतर १९६९ च्या माथाडी कायद्याने व्यापारी, हमाल आणि सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळे तिसऱ्या आसनावर बसवली. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला, त्यानंतर त्यांची संघटना उभी राहिली आणि घरातील माणसे मोजून धुण्याभांड्यांचे दर सांगण्याची रीत रुळली. २००८ च्या कायद्याने महाराष्ट्रात घरकामगारांसाठी मंडळ झाले ते कल्याणकारी साहाय्य देण्यासाठी. पाळीचा दर ठरवणे त्याच्या कामात आले नाही. हमालांची गाठ बाजाराच्या एकाच आवारात पडते, उशाशी बसणाऱ्या दोघींची गाठ मात्र क्वचितच पडते. त्यांची संघटना न होण्याचे मला दिसणारे मुख्य कारण हे आहे.

तोवर स्वतंत्रपणे काम धरणाऱ्या बाईला आपला कागद आपणच करावा लागतो, आणि त्यात माझ्या मते दोन कलमे तरी असलीच पाहिजेत. पहिले रात्रीचे : किती वेळा उठावे लागले याची वही घरातच ठेवावी, आणि ठरलेल्या संख्येपलीकडे उठावे लागले तर ती रात्र पूर्ण जागरणाची धरावी. दुसरे अखेरच्या दिवसाचे. नोकरी सुटण्याची पूर्वसूचना जिथे यमाकडून यावयाची तिथे तुटक्या महिन्याचा भार दोघांनी वाटून घेणे न्याय्य. निदान आठवड्याचा मेहनताना मृत्यूनंतरही द्यावा, आणि प्रेताला अंघोळ घालण्याचे काम तिच्याकडून घ्यावयाचे असेल तर त्याचा आकार आधी बोलून ठेवावा. यात संकोच वाटण्याजोगे काही नाही, कारण मोठमोठ्या सरकारी योजनांनाही हा हिशेब घालावा लागला आहे. अमेरिकेतील वृद्धांच्या विमायोजनेत १९८२ च्या कायद्याने हॉस्पिसची सेवा आली तेव्हा साध्या दिवसाचा एक ठोक दर ठरला, आणि संकटकाळी रोग्याच्या घरी सतत बसून दिलेल्या शुश्रूषेला ताशी दर मिळाला. मात्र अट अशी, की मध्यरात्र ते मध्यरात्र या चोवीस तासांत किमान आठ तास भरले पाहिजेत. ही रक्कम जाते संस्थेकडे. पहाटे पाचला प्राण गेला, तर मध्यरात्रीपासून बसून काढलेले ते पाच तास आठाच्या आत येतात, आणि त्यांचा हिशेब साध्या दिवसाच्या ठोक दराने बंद होतो.